हृदयातला बांध आणि उजेडाची नळी

भातशेती करणाऱ्या वाचकांना खेकड्याचे बीळ काय करते ते सांगायला नको. बांध दिसायला धड असतो, पण एका बिळातून रात्रीत सगळे पाणी खालच्या खाचरात उतरते. बीळ ओल्या चिखलाने बुजवले तर त्या दिवशी गळत नाही. चार दिवस ऊन पडले की भेग पडते आणि पुन्हा तेच. हृदयाच्या एका इलाजात डॉक्टरांपुढे नेमकी हीच अडचण येते.

काही माणसांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. नाडी वेडीवाकडी लागते. दोन ठोके जवळ, तिसरा लांब. या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. उतारवयात तो अधिक आढळतो. धडधड होते, दम लागतो, हा त्रास आहेच. पण खरी भीती वेगळी आहे. थरथरत्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. हा धोका इतरांपेक्षा सुमारे पाचपट असतो.

१९९८ साली फ्रान्समधील बोर्दो शहराच्या मिशेल हाइसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्ण तपासले. विजेचे चुकार ठोके सुटण्याच्या ६९ जागा त्यांना सापडल्या. त्यांतल्या ६५ फुप्फुसांकडून हृदयाकडे येणाऱ्या शिरांत होत्या! तेव्हापासून इलाजाची दिशा ठरली. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर नावाची बारीक लवचीक नळी हृदयात न्यायची, मधल्या पडद्यातून डाव्या कप्प्यात शिरायचे आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने डाग देत गोल पुरा करायचा. मेलेल्या मांसातून वीज जात नाही. म्हणजे हा बांधच झाला.

पण बांध घालणाऱ्याला बांध दिसत नाही. डॉक्टरांसमोर क्ष-किरणांची सावली असते, संगणकाने काढलेला नकाशा असतो, विजेच्या रेघा असतात. प्रत्यक्ष मांस मात्र नसते. त्यात भाजलेल्या जागेच्या कडेला सूज येते. सुजेमुळे तिथली वीज तात्पुरती थांबते आणि गोल पुरा झाला असे वाटते. काही आठवड्यांनी सूज ओसरते, अर्धवट भाजलेले मांस सावरते आणि बीळ उघडे पडते. पुष्कळ रुग्णांना दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते ते यामुळे. खर्च पुन्हा, जोखीम पुन्हा.

मग नळीतून उजेडच आत का नेऊ नये? आडवे येते ते रक्त. त्यातून पलीकडचे काही दिसत नाही. यावर फुग्याची युक्ती निघाली. नळीच्या टोकाचा पारदर्शक फुगा शिरेच्या तोंडाशी फुगवला की रक्त बाजूला सरते आणि आतल्या बारीक दुर्बिणीतून भिंत दिसते. लेसर किरणांनी डाग देणाऱ्या अशा फुग्याला अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळाली. त्यात साधे पाणी नव्हे, तर जड पाणी भरतात, कारण लेसरची उष्णता ते फारशी शोषत नाही. जड पाणी अणुभट्टीत लागते एवढेच आम्हांला ठाऊक होते!

तरी डाग कुठे दिला ते दिसणे वेगळे आणि मांस खरोखर मेले की नाही ते कळणे वेगळे. वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी यासाठी मांसाचाच उजेड वापरला. जिवंत पेशींत एन.ए.डी.एच. नावाचे द्रव्य असते. त्यावर अतिनील किरण टाकले की ते निळसर चमकते. भाजून मेलेल्या पेशींत ही चमक राहत नाही. काळ्या डागांच्या मध्ये उजळ पट्टा उरला असेल, तर तेच खेकड्याचे बीळ. डाव्या कप्प्याच्या आतल्या अस्तरातले कोलॅजनही चमकते आणि डाग झाकते. म्हणून अनेक रंगछटा वेगवेगळ्या मोजून संगणकाकडून चित्र तयार करण्याची रीत त्यांना शोधावी लागली.

हृदयाच्या रोहिण्यांत उजेडाची नळी याआधीच रुळली आहे. तिचे नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, थोडक्यात ओ.सी.टी. हिचा पाया १९९१ साली अमेरिकेत एम.आय.टी.च्या जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आदींनी घातला. केसाच्या जाडीहून बारीक तपशील ती दाखवते, पण भिंतीत एक-दोन मिलिमीटरच खोल जाते. तिच्यासाठीही काही क्षण औषध सोडून रक्त बाजूला सारावे लागते. स्टेंट भिंतीला नीट चिकटली का, हे तीत स्पष्ट कळते.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. डाग दिल्यावर पहिले दोन-तीन महिने अधूनमधून धडधड होऊ शकते; तेवढ्यावरून इलाज फसला असे धरू नये, पण डॉक्टरांना जरूर सांगावे. आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून आपल्या मनाने सोडू नये. ती कधी थांबवायची हे नाडीवरून नव्हे, तर वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात हे सारे पाहून डॉक्टर ठरवतात.