साथीत आधी तुटते ती रोजची गोळी

कोन फाट्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पळस्प्याहून खोपोलीकडे निघालं की आमचं गाव लागतं. दुकानात गावातली आगरी-कराडी माणसं येतात, कंटेनरवरचे ड्रायव्हर-क्लीनर येतात, आणि आसपासच्या वाड्यांवरचे, वीटभट्ट्यांवरचे कातकरी येतात. कोरोनाच्या काळात औषध दुकानं चालू होती, त्यामुळे टाळेबंदीत गरिबाच्या आजाराचं काय होतं ते मी रोज समोर पाहिलं. विषाणूने माणसं नेलीच. पण ज्यांना विषाणू शिवलाही नाही, त्यांचंही शरीर या साथीने पोखरलं.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि हातावर पोट असलेल्यांची मजुरी थांबली. रक्तदाबाची पूर्ण स्ट्रिप नेणारी बाई म्हणाली, "पाचच दे, बाय. भट्टीचा हिशेब झाला की बाकीच्या नेते." कुणी गोळी अर्धी करून घेऊ लागलं, कुणी एक दिवसाआड. दाब वाढला तरी बहुतेक वेळा काही दुखत नाही, म्हणून गोळी चुकली तरी माणसाला बरंच वाटतं. पण औषध थांबलं की दाब पुन्हा चढतो, आणि अनेकदा तो कळतो तेव्हा लकवा मारलेला असतो. साखरेच्या आजाराचं तेच. असे मृत्यू आणि अशी अपंगत्वं कोरोनाच्या आकड्यांत मोजली जात नाहीत.

पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय कोविड रुग्णालय झालं. ते आवश्यकच होतं. पण बाळंतपण, सर्पदंश, छातीत कळ, यासाठी गोरगरीब तिथेच जात होते. एसटी बंद, सहा आसनी रिक्षा बंद, खासगी दवाखान्यांचीही अनेक दारं बंद. राज्य सरकारने मे २०२० मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्या रहिवाशांना लागू केली, हा मोठा निर्णय होता. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. काउंटरवर पाच गोळ्या मागणाऱ्या बाईला तिचा उपयोग नव्हता.

रोजच्या औषधांचा विचार सरकारने केलाच नाही असं नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने सूचना दिल्या की रक्तदाब-मधुमेहाच्या नोंद झालेल्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतची औषधं आशाताईंमार्फत घरपोच द्यावीत. सूचना उत्तम होती. अडचण 'नोंद झालेल्या' इथे होती. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जातं आणि पावसाआधी परततं. त्याची नोंद असलीच तर गावच्या केंद्रात, आणि माणूस दुसऱ्याच तालुक्यात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. ज्यांना यादीची सर्वात जास्त गरज, तेच यादीबाहेर राहिले.

क्षयरोगाने हेच देशभर दाखवलं. २०१९ मध्ये भारतात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, तपासणी कमी झाली होती. त्यात खोकला म्हणजे कोरोना, आणि कोरोना म्हणजे उचलून नेणार, ही भीती. माझ्याकडे लोक खोकल्याचं औषध शेजाऱ्याच्या नावाने मागत.

नेणार ते आमच्याच गावात. कोनच्या उंच इमारतींत विलगीकरण केंद्र होतं. जुलै २०२० मध्ये तिथे एका महिलेवर बलात्कार झाल्याचा गुन्हा दाखल झाला. त्यानंतर ताप अंगावर काढेन पण तिकडे जाणार नाही, असं बायका उघड म्हणू लागल्या. आजारी माणूस जिथे जायला घाबरतो, ती आरोग्यसेवा कागदावरच राहते.

याच वसाहतीतली २,४१७ घरं डिसेंबर २०१६ च्या म्हाडा सोडतीत गिरणी कामगारांना लागली होती. १९८२ च्या संपाने रोजगार गेलेली ही माणसं साठी-सत्तरी गाठलेली. घरांचा ताबा मिळण्याआधीच साथ आली, इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या आणि ताबा आणखी लांबला. साथीत कुठेतरी विलगीकरण करावं लागणारच होतं. पण घर हेही आरोग्याचं साधन आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. एका खोलीत सहा जण आणि बाहेर सामायिक संडास असेल तर अंतर पाळायचं कसं?

ही तफावत जुनी आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत 'खालच्या' मानलेल्या जातींतले हजारी सुमारे ६२ लोक दगावले, युरोपियनांत आठ.

२०२१ मध्ये लस आली, तीही आधी मोबाइलवाल्यांना. १८ ते ४४ वयोगटाला अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची होती. शहरातली माणसं नंबर पकडून गाडीने ग्रामीण केंद्रांवर येत, आणि तिथल्याच माणसाला नंबर नसे. २१ जूनपासून सरसकट थेट केंद्रावर नोंदणी सुरू झाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

पुढच्या साथीची तयारी म्हणजे केवळ प्राणवायूच्या टाक्या आणि जम्बो केंद्रं नव्हेत. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाची नोंद तिथल्या केंद्रात आपोआप व्हावी. तालुक्याचं एक सरकारी रुग्णालय साथीला दिलं, तर दुसरं इतर आजारांसाठी त्याच दिवशी ठरावं. औषधं वाडीपर्यंत नेणाऱ्या आशाताईंना पुरेसं आणि वेळेवर मानधन मिळावं. हे सगळं साथ नसतानाच उभं करावं लागतं, कारण शांत काळात ज्या वाडीवर गोळी पोचत नाही, तिथे साथीत ती पोचणार नाही.