जपानमधील संशोधन : संधी आणि पूर्वतयारी

वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला व त्याच्या आश्रयाने बजाजनगर वाढले. कावासाकीशी झालेल्या सहकार्यामुळे जपानी तंत्रज्ञानही या कंपनीत आले. आता येथील कामगारांची मुले संशोधनासाठी जपानला जाण्याचा विचार करू शकतात.

जपान सरकार १९५४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देत आले आहे. तीत शिक्षणशुल्क माफ असून दरमहा निर्वाहभत्ता मिळतो. बहुतेक विद्यार्थी प्रथम ‘संशोधन विद्यार्थी’ म्हणून दाखल होतात. प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू होतो. त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते.

परदेशी संशोधकांच्या अनुभवात दोन अडचणी वारंवार आढळतात. प्रयोगशाळेतील काम इंग्रजीत चालले, तरी घरभाडे, रुग्णालय व नगरपालिका यांचे व्यवहार जपानीतच होतात. दुसरे असे की, पत्नी-मुलांच्या प्रवासाचा व निर्वाहाचा खर्च शिष्यवृत्तीत धरलेला नसतो. घरातील मिळवता मुलगा निघाला, तर मागे राहिलेल्यांची सोय आधीच करावी लागते.

म्हणून पदवीच्या वर्गापासूनच जपानी भाषेचा अभ्यास आणि मार्गदर्शक प्राध्यापकांशी पत्रव्यवहार सुरू व्हावा. ही माहिती वेळेवर घरोघर पोहोचविणे हे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांचे काम आहे.