ओळख चोरीला गेली? आधी नंबर, मग पासवर्ड

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. आपल्या नावावर भलत्याच माणसाने सिम काढलं, कर्ज उचललं किंवा खात्यात शिरकाव केला, तर काय करायचं? आणि मुख्य म्हणजे, कोणत्या क्रमाने?

क्रम महत्त्वाचा का, ते बघा. माझ्या मावशीच्या फोनची रेंज एका दुपारी अचानक गेली. खोटी कागदपत्रं दाखवून कुणीतरी तिच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं होतं. तिच्या मुलाने घाईघाईने सगळे पासवर्ड बदलायला घेतले. पण ओटीपी जात होते चोराकडच्या सिमवर! म्हणजे आपण कुलूप बदलतोय आणि किल्ली त्याच्याच हातात पडतेय.

म्हणून पहिलं काम, नंबर परत मिळवणं. घरातल्या दुसऱ्या फोनवरून सिम कंपनीला फोन करा, ते सिम बंद करायला सांगा आणि ओळखपत्र घेऊन अधिकृत केंद्रात जा. नवं सिम मिळाल्यावर सुमारे २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. घाबरू नका, सुरक्षेसाठीच तसा नियम आहे.

सिमचं होईपर्यंत बँकेसाठी थांबायचं नाही. बँकेला कळवून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. चोर पैसे भराभर या खात्यातून त्या खात्यात फिरवतो, वेळेत कळलं तर ते मध्येच गोठवता येतात. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांत यालाच महत्त्व आहे: चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं.

नंबर हातात आला की ईमेल. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात ना! फक्त पासवर्ड बदलून भागत नाही. चोर मागचं दार उघडं ठेवून जातो. सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा: अनोळखी फोन किंवा संगणक लॉगइन आहे का, रिकव्हरीसाठी दुसराच नंबर टाकलाय का, आणि तुमचे मेल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड होतायत का. यानंतर ओटीपी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

व्हॉट्सॲप आपल्या फोनवर पुन्हा सुरू केलं की चोराच्या फोनवरचं बंद होतं. चोराने आधीच पिन लावला असेल आणि तुम्हाला तो माहीत नसेल, तर मात्र तुमच्या फोनवर सुरू व्हायला ७ दिवस लागतात. नंतर स्वतःचा सहा आकडी पिन लावा.

आता राहिली ओळख. आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करा, ते फुकट आहे आणि लागेल तेव्हा उघडता येतं. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवा. शेवटी क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडूनही वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. एकदम चारही मागवू नका. दर तीन महिन्यांनी एक मागवलात तर वर्षभर लक्ष राहतं. न घेतलेलं कर्ज दिसलं तर ती संस्था आणि क्रेडिट कंपनी, दोघांकडे लेखी हरकत नोंदवा.

एक काम मात्र आजच करा. बँकेचा आणि सिम कंपनीचा हेल्पलाइन नंबर कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोनच बंद पडला, तर फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर काय कामाचा?