होडीला एक गिअर, टॅक्सीला पाच

कफ परेडच्या मच्छीमार नगरात दोन प्रकारची वाहने एकाच नजरेत दिसतात. एका बाजूला कॅप्टन प्रकाश पेठे मार्ग आहे. त्यावरून काळ्या-पिवळ्या टॅक्सी, मोटारी आणि जवळच्या बॅकबे आगाराच्या बस ये-जा करत असतात. दुसऱ्या बाजूला समुद्र आहे आणि त्यात कोळ्यांच्या होड्या. मोठ्या होडीतले डिझेल इंजिन साधारणपणे ट्रकच्या इंजिनाच्याच जातीचे असते. पण ट्रकला पाच-सहा गिअर लागतात, टॅक्सीला पाच, आणि होडीला पुढे जायला एकच! तिच्या गिअरबॉक्सचा दांडा तीनच जागी जातो: पुढे, मध्ये मोकळा आणि मागे. होडी रिकामी असो की मासळी-बर्फाने भरलेली, यात फरक पडत नाही. असे का असावे?

या प्रश्नाच्या उत्तरातच आणखी एका प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. पहिली गाडी घेऊ पाहणारे कुटुंब तो हमखास विचारते: गिअर हाताने बदलायची गाडी घ्यावी, की ते आपोआप बदलणारी? सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आपण मात्र थोडे गणित करून पाहू.

इंजिनाची अडचण

पेट्रोल किंवा डिझेल इंजिन अगदी हळू फिरू शकत नाही. मिनिटाला सुमारे ७०० फेऱ्यांच्या खाली गेले की ते आचके देते आणि बंद पडते. लहान गाडीचे इंजिन ६,००० फेऱ्यांच्या फार वरही जात नाही. शिवाय त्याचा फिरवण्याचा जोर, ज्याला आपण ‘पीळ’ म्हणू, मर्यादित असतो. एक लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ सुमारे ९० न्यूटन-मीटर असतो आणि तोही मधल्या वेगाला मिळतो.

आता चाकाकडे पाहू. लहान गाडीच्या चाकाचा परीघ सुमारे १.७५ मीटर धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. त्यासाठी चाकाने मिनिटाला सुमारे ५७० फेरे घ्यायला हवेत. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे चार फेरे झाले की चाकाचा एक होतो असे धरले, तर इंजिन सुमारे २,३०० फेऱ्यांनी फिरेल. हा त्याचा सुखाचा वेग आहे.

हीच गाडी दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणाऱ्या उतारावर न्या. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम धरले, तर चढण आणि चाकांचे घर्षण मिळून सुमारे १,१०० न्यूटन बल लागते. चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर, म्हणजे चाकापाशी सुमारे ३०८ न्यूटन-मीटर पीळ हवा. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ चौपट होऊन फार तर ३६० मिळतो, आणि इंजिन हळू फिरत असेल तर तेवढाही नाही. गाडी रडतखडत चढेल किंवा बंद पडेल. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे १४ फेरे आणि चाकाचा एक, असे प्रमाण असते. तिथे १,२६० न्यूटन-मीटरपर्यंत पीळ मिळतो आणि गाडी सहज चढते. पण याच गिअरमध्ये ताशी ६० गाठायचे म्हटले तर इंजिनाला ८,००० फेरे घ्यावे लागतील, आणि ते शक्य नाही. म्हणून एका गिअरवर भागत नाही. जोर हवा तिथे वेग सोडायचा, वेग हवा तिथे जोर सोडायचा, एवढाच गिअरचा व्यवहार आहे.

ताशी पाच किलोमीटरचा उंबरठा

पहिल्या गिअरमध्ये गाडी कमीत कमी किती वेगाने चालेल? इंजिनाचे ७०० फेरे म्हणजे चाकाचे ५०. पन्नास गुणिले १.७५ म्हणजे मिनिटाला सुमारे ८७ मीटर, ताशी ५ किलोमीटरहून थोडे जास्त. हा माणसाच्या चालण्याचा वेग झाला.

याचा अर्थ असा, की यापेक्षा हळू जायचे असेल तर इंजिन आणि चाके एकमेकांना घट्ट जोडून चालणारच नाही. थांबलेली गाडी सुरू होताना तिचा वेग शून्य असतो आणि इंजिन तर फिरत असते. हे दोन वेग जुळेपर्यंत मध्ये कुठेतरी काहीतरी घसरलेच पाहिजे. कितीही गिअर वाढवले तरी या घसरण्यातून सुटका नाही.

होडीचे कोडे इथेच सुटते. होडीचा पंखा पाण्यात फिरतो, आणि पाणी घसरू देते. होडी जागेवर असली तरी पंखा पाणी मागे लोटत फिरत राहतो, इंजिन बंद पडत नाही. शिवाय पंखा फिरवायला लागणारा पीळ साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फेरे निम्मे केले तर पीळ एक चतुर्थांश पुरतो. इंजिन हळू फिरत असताना त्याच्याकडून कुणी जास्त जोर मागत नाही, आणि समुद्रात पेडर रोडसारखा चढही नसतो. म्हणून इंजिनाचे फेरे पंख्याला सोसतील इतके कमी करणारा एकच गिअर होडीला पुरतो. डांबरी रस्ता मात्र टायरला घट्ट धरतो. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीला घसरण्याची सोय स्वतःच्या पोटात करावी लागते. ती कुठे केली आहे, यावरूनच गाड्यांचे प्रकार पडतात.

कोरड्या चकतीत घसरणे

हाताने गिअर बदलायच्या गाडीत हे घसरणे क्लचमध्ये होते. क्लच म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर स्प्रिंगने दाबून धरलेली एक कोरडी, खरखरीत चकती. डाव्या पायाने पेडल दाबले की ती सुटते. पाय हळूहळू सोडला की ती आधी घासते, मग घट्ट बसते.

या घासण्यात किती ऊर्जा जाते? इंजिनाचे फेरे स्थिर आहेत असे मानले, तर गाडी उभी असल्यापासून दोन्ही वेग जुळेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. इंजिनाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी! हजार किलोग्रॅमच्या गाडीला ताशी ५.२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १.४५ मीटर वेग देण्यासाठी सुमारे १,०५० जूल लागतात. एवढीच उष्णता चकतीत तयार होते. एका फेरीत दोनशे वेळा थांबून सुरू झालो, तर होतात २,१०,००० जूल. अडीच लिटर पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसने वाढवायला इतकी उष्णता पुरते. आणि हा हिशेब सावकाश पाय सोडणाऱ्या निष्णात चालकाचा आहे. इंजिन गरगरवून क्लच सोडणाऱ्याचा आकडा कितीतरी मोठा येईल.

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत गिअरचा दांडा पुष्कळदा स्टिअरिंगपाशीच असे. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पण काळबादेवीच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत टॅक्सीचालकाच्या डाव्या पायाला पडणारे काम अजून संपलेले नाही. ‘पहिला, दुसरा, पुन्हा पहिला’ हे चक्र दिवसभर चालते. झिजते ती चकती, आणि शिणतो तो गुडघा.

तेलात घसरणे

आता एक प्रयोग मनाशी करा. दोन टेबल-पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. दुसऱ्याला वीज नसतानाही त्याची पाती फिरू लागतात. दोन्ही पंख्यांत जोडणी आहे ती फक्त हवेची. हवेऐवजी तेल घ्या आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा. एक पंखा इंजिनाला आणि दुसरा गिअरबॉक्सला जोडा. गाडी थांबली की दुसरा पंखा थांबतो, पहिला तेल घुसळत फिरत राहतो. इंजिन बंद पडत नाही, आणि घासून झिजणारी चकतीही नाही.

या दोघांच्या मध्ये आणखी एक पात्यांचे चक्र बसवून परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवली, तर सुरुवातीला पीळ सुमारे दुप्पट करता येतो. या साधनाला ‘टॉर्क कन्व्हर्टर’ म्हणतात. गमतीची गोष्ट अशी, की ते मूळचे मोटारीसाठी नव्हतेच. जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर श्टेटिन येथील व्हल्कन या जहाजबांधणी कारखान्यात काम करत होता. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा. या दोघांना जोडण्यासाठी त्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे ती मोटारीत आली. जनरल मोटर्सच्या १९३९ च्या ‘हायड्रामॅटिक’मध्ये तेलातली साधी जोडणी होती, तर १९४८ च्या ब्यूइकच्या ‘डायनाफ्लो’मध्ये टॉर्क कन्व्हर्टर होता.

तेल झिजत नाही, पण तापते. घुसळण्यात ऊर्जा जाते, म्हणून अशा जुन्या गाड्या जास्त इंधन पीत. आताच्या गाड्यांत वेग जुळल्यावर दोन्ही पंखे एका कुलपाने घट्ट जोडले जातात, त्यामुळे तोटा बराच कमी झाला आहे.

‘आपोआप’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ

दुकानात ‘ऑटोमॅटिक’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्या तेलात घसरणाऱ्या नसतात. त्यातली सर्वांत स्वस्त ‘एएमटी’. २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओतून ती आपल्याकडच्या लहान गाड्यांत आली. हिच्यात गिअरबॉक्स हाताने बदलायचाच असतो, कोरडी चकतीही तीच. फक्त डाव्या पायाचे आणि हाताचे काम संगणकाच्या हुकमाने यंत्र करते. हाताच्या गिअरच्या गाडीपेक्षा ही सर्वसाधारणपणे अर्ध्या लाखाच्या आसपास महाग पडते आणि इंधनही जवळपास तेवढेच खाते. पण गिअर बदलताना किंचित अडखळते. चढावर ब्रेक न लावता नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर तिला तोलून धरले तर चकती घासत राहते आणि जळू शकते. पेडल दोनच आहेत म्हणून क्लच नाही असे समजू नये.

‘सीव्हीटी’ आपल्या शिक्षक मित्रांच्या चांगल्या परिचयाची आहे, कारण १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा याच तत्त्वावर चाले. चेतकला मूठ पिळून गिअर टाकावा लागे. हिला नुसती मूठ पिळली की पुरे. दोन कप्प्यांवर एक पट्टा असतो. कप्प्याच्या दोन बाजू जवळ-लांब सरकल्या की पट्टा आत-बाहेर होतो आणि गिअरचे प्रमाण पायऱ्या न घेता सलग बदलते. तरीही थांबून निघताना घसरायला काही लागतेच. स्कूटरमध्ये वेगाने फिरताच बाहेर फेकला जाणारा क्लच ते काम करतो, मोटारीत बहुधा टॉर्क कन्व्हर्टर.

‘डीसीटी’ या चौथ्या प्रकारात दोन क्लच असतात, एक सम गिअरांसाठी आणि एक विषम गिअरांसाठी. गिअर चुटकीसरशी बदलतात. मात्र चकत्या कोरड्या असतील तर रांगत्या गर्दीत त्या तापतात.

मग कोणती घ्यावी?

प्रश्न आता असा मांडता येईल: तुमच्या प्रवासाचा किती वेळ ताशी पाच किलोमीटरच्या उंबरठ्याच्या खाली जातो?

मच्छीमार नगराहून मरीन ड्राइव्ह आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या किनारी रस्त्याने वरळीला जाणारा माणूस मोकळ्या वेळी बहुतेक अंतर वरच्या गिअरमध्ये कापतो. त्याला क्लच क्वचितच लागतो. तोच माणूस रोज भायखळा-लालबागमार्गे दादरला जात असेल तर अंतर जवळजवळ तेवढेच, पण क्लचची गोष्ट वेगळी. पहिल्याने हाताच्या गिअरची गाडी घेतली तर पैसे वाचतील आणि दुरुस्तीही सोपी पडेल. दुसऱ्याला आपोआप गिअरची गाडी रोज उपयोगी पडेल, आणि परवडत असेल तर तेलात घसरणारी अधिक टिकेल. ज्यांचा डावा पाय अधू आहे किंवा गुडघा दुखतो, त्यांच्यासाठी तर ही चैन नाही. स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडता येते की नाही, असा तो प्रश्न असतो.

दोन गोष्टी विसरू नयेत. बॅटरी उतरली तर आपोआप गिअरची गाडी ढकलून सुरू होत नाही. आणि घाटात ‘ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुन्या चालकांचा नियम तिलाही लागू आहे. खंडाळ्याचा घाट उतरताना खालचा गिअर निवडायची सोय तिच्यात असते, ती वापरावी. नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो.

विजेच्या गाडीत मात्र हा सारा वाद उरत नाही. विद्युत मोटर थांबलेल्या स्थितीपासूनच पुरेपूर पीळ देते आणि कितीही हळू फिरली तरी बंद पडत नाही. म्हणून बहुतेक विजेच्या मोटारींत फेरे कमी करणारा एकच गिअर असतो, अगदी होडीसारखा. बेस्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणलेल्या विजेच्या दुमजली बसच्या चालकालाही क्लच दाबावा लागत नाही.

वर्गात करण्याजोगे

१. शाळेच्या आवारातल्या एखाद्या गाडीच्या चाकाचा परीघ दोरीने मोजा. ताशी २०, ४० आणि ६० किलोमीटरला चाकाचे मिनिटाला किती फेरे होतील ते काढा.

२. गिअरची सायकल उलटी ठेवा. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फिरते ते प्रत्येक गिअरमध्ये मोजा आणि दातांच्या संख्येशी ताडून पाहा.

३. शाळेत येताना बस किंवा रिक्षा किती वेळा पूर्ण थांबली ते विद्यार्थ्यांना आठवडाभर मोजू द्या. त्यावरून क्लचमध्ये किती उष्णता तयार झाली असेल याचा अंदाज अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्या. बसचे वस्तुमान गाडीच्या दहापट धरले तर उत्तर किती पट होते, आणि का, यावर वर्गात चर्चा घडवा.