जेवायला कोण आहे सोबत?

मुलगा किंवा मुलगी शिकायला ब्रिटनला निघाली की घरात फीची, हलाल जेवणाची चौकशी होते. एकटेपणाचा विचार कोणी करत नाही. तिथे सत्राच्या पहिल्याच आठवड्यात ओळखी जुळू लागतात, त्यातल्या बऱ्याच पबमध्ये. तिथे जायचे नाही म्हणून आपली मुले खोलीतच बसून राहतात.

बहुतेक विद्यापीठांत इस्लामिक सोसायटी असते. जुम्माच्या नमाजनंतर सलाम-दुआ होते, रमजानमध्ये इफ्तारला सोबत मिळते. पहिला आधार इथेच सापडतो. पण तेवढ्यावर थांबू नये. २०१३ मध्ये लंडनच्या काही विद्यार्थ्यांनी तंबू ठोकून 'ओपन इफ्तार' सुरू केला. तिथे कोणत्याही धर्माचा माणूस शेजारी बसून जेवतो. माणसांच्या निरनिराळ्या जमाती एकमेकांची ओळख व्हावी म्हणूनच आहेत, हीच सूरह हुजुरातची (४९:१३) शिकवण.

"मी दारू पीत नाही, चहाला येशील?" असे मोकळेपणाने विचारावे. वर्गातल्या दोघा-तिघांना रविवारी बिर्याणीला बोलवावे. मैत्री एका भेटीत होत नाही. पुन्हा पुन्हा भेटल्यानेच ती मुरते.

आणि अम्मी-अब्बांनी फोनवर "जेवलास का?" एवढेच न विचारता "कोणाबरोबर जेवलास?" हेही विचारावे.