‘घ्या ना’ आणि ‘या ना’ इंग्रजीत कसं म्हणायचं?

आपल्यातले काही गट कृषी पर्यटनाला आलेल्या पाहुण्यांचं जेवण सांभाळतात, काहीजणी मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल लावतात. माल चांगला असतो, पण इंग्रजी बोलणारं माणूस समोर आलं की आपण गप्प होतो. म्हणून आज दोनच गोष्टी बघू, ‘घ्या ना’ आणि ‘या ना’.

मराठीत लहानाला ‘घे’ आणि मोठ्याला ‘घ्या’ म्हणतो. इंग्रजीत दोघांनाही ‘यू’च. मग मान कसा द्यायचा? तो ‘वुड यू लाइक’ या तीन शब्दांत येतो. ‘वुड यू लाइक सम टी?’ म्हणजे ‘चहा घेणार का?’ ‘डू यू वॉन्ट टी?’ हेही चूक नाही, पण ते घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला शोभतं.

‘चहा घ्या’ याचं आपण ‘टेक टी’ करतो. खाण्यापिण्यासाठी ‘हॅव’ जास्त बरं. ‘प्लीज हॅव सम टी.’ बसायला सांगताना ‘प्लीज हॅव अ सीट.’ स्टॉलवर लोणच्याची चव द्यायची तर ‘प्लीज ट्राय सम.’ हे हुकूम केल्यासारखं वाटेल म्हणून घाबरू नका. फायदा समोरच्याचा असला की ते उद्धट वाटत नाही.

आता उत्तर. हवं असेल तर ‘येस, प्लीज.’ नको असेल तर ‘नो, थँक यू.’ कुणी हसून ‘आय ॲम फाइन’ किंवा ‘आय ॲम गुड’ म्हणालं, तर बहुतेक वेळा तेही ‘नको’च असतं.

खरी गोची इथंच आहे. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे लाजेचं असतं. यजमानीण दोनतीनदा आग्रह करणार, हे दोघींनाही ठाऊक असतं. परदेशी पाहुणे मात्र पहिलं ‘नो’ बहुधा खरं धरतात. म्हणून त्यांना एकदाच ‘आर यू शुअर?’ विचारा आणि थांबा. एखाद्याला तिखट सोसत नसेल, एखाद्याला शेंगदाणा चालत नसेल. पानात जबरदस्तीनं वाढू नका.

हेच आपल्या बाजूनंही लक्षात ठेवा. बैठकीत एखादा पाहुणा विचारतो, ‘वुड यू लाइक टु से समथिंग?’ म्हणजे ‘तुम्हाला काही बोलायचंय का?’ आपण संकोचानं ‘नो’ म्हणतो आणि माइक पुढं जातो. परत कुणी विचारेलच असं नाही. गटाची अडचण मांडायची असेल तर पहिल्यांदाच ‘येस, प्लीज’ म्हणा.

आता बोलावणं. ‘कम ओव्हर समटाइम’ म्हणजे आपलं ‘या की कधीतरी’. त्यात माया आहे, पण ते आमंत्रण नव्हे. खरं बोलवायचं तर वार आणि वेळ सांगा. ‘वुड यू लाइक टु कम फॉर लंच ऑन संडे, ॲट वन?’ जेवायला बसलेल्या बायकांनी ‘व्हाय डोन्ट यू जॉइन अस?’ म्हटलं, तर त्या कारण विचारत नाहीत, ‘या ना आमच्यात’ म्हणतात.

जायचं असेल तर ‘आय वुड लव्ह टु.’ जमणार नसेल तर ‘सॉरी, आय कान्ट. मेबी अनदर टाइम.’ तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून आपण ‘बघू’ म्हणतो. तिथं तसं करू नका, ती माणसं स्वयंपाक करून वाट बघत बसतील.

पुढच्या बैठकीत चहाच्या वेळी दोघी-दोघींनी हे बोलून बघा. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं, मग उलट करायचं. चुकलं तर हसा आणि परत म्हणा.