बर्फात फुटलेलं इंजिन: स्वस्तातला ट्रक घेण्याआधी हा हिशोब करा

सेकंड हँड गाड्यांवरच्या व्हिडिओत एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला होता, तो इथे सविस्तर सांगतो.

माझ्या बॅचमधल्या नाशिकच्या एका मुलाला जुना ट्रक मिळत होता. बाजारभावापेक्षा सव्वा लाखाने कमी. मालक म्हणाला, "सफरचंदाच्या सीझनला काश्मीरला गेला होता. तिथे थंडीत जरा पाणी गळायला लागलं, बाकी इंजिन टकाटक." मुलाने आईचं सोनं तारण ठेवून पैसे उभे केलेले. टोकन द्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब दोन दिवस.

आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी चालून जातं. पण नोव्हेंबरमध्ये हायवे बंद पडला आणि काझीगुंडला ट्रक रात्रभर रांगेत उभा राहिला, की पारा शून्याखाली जातो. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान साधारण 9 टक्के वाढतं. ब्लॉक बिडाचा. बीड वाकत नाही, तडकतं. तिकडचे ड्रायव्हर म्हणून रात्री ड्रेन कॉक उघडून पाणी काढून टाकतात. आपला ड्रायव्हर दमून झोपला की संपलं!

ब्लॉकच्या बाजूला वाटीसारखी गोल झाकणं ठोकलेली असतात, कोअर प्लग. लोकांना वाटतं ती बर्फापासून वाचवायला असतात. तसं नाही. ओतकामातली वाळू बाहेर काढायला जी भोकं ठेवतात, ती बुजवायला हे प्लग. कधी बर्फाने आधी प्लग बाहेर ढकलला जातो आणि ब्लॉक वाचतो. पण ते नशीब, त्याच्यावर सौदा करू नका.

आता तपासणी. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन चालू करायच्या आधी ऑइल चेंबरचा बोल्ट हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. आधी पाणी आलं तर आतमध्ये गडबड आहे. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तरी तेच. अशा इंजिनाला सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. रेडिएटरमध्ये हळद टाकलेली आहे का, ब्लॉकच्या बाजूला एम-सील लावून वरून ताजा रंग मारलाय का, हेही बघा. (जुन्या इंजिनावर एकाच जागी नवा रंग कशाला असेल, सांगा बरं?) मग मेस्त्रीकडून प्रेशर टेस्ट. हेड काढलेलं असेल तर पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्यात बुडवतात. बुडबुडे आले तिथे तडा. ऑइल कूलर आणि वॉटर पंप विसरू नका, तेही फुटतात.

तडा कुठे आहे, यावर सगळं ठरतं. बाहेरच्या भिंतीवर असेल तर दुरुस्ती होते. चांगली पद्धत म्हणजे मेटल स्टिचिंग. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडतात म्हणजे तो पुढे पळत नाही. मग तड्यावर एकमेकांत थोडी घुसणारी भोकं पाडून आटे मारतात, धातूच्या पिना बसवतात, आणि आडव्या पट्ट्यांनी दोन्ही बाजू धरून ठेवतात. उष्णता लागतच नाही, हा मोठा फायदा. वेल्डिंगही होतं, पण निकेलच्या रॉडने, इंच-इंच टाका घेत, थंड होऊ देत. कोपऱ्यावरच्या गेटवाल्याने सरळ वेल्डिंग ओढलं तर शेजारी नवा तडा जाईल. सिलिंडरच्या भिंतीत किंवा हेड बसतं त्या पृष्ठभागावर तडा असेल तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. तिथे मी हात जोडतो.

आता पैशांचं बोलू. समजा बाहेरच्या तड्याचं काम मजुरीसह 35,000. गाडी 12 दिवस उभी. हप्ता महिना 22,000 असेल तर तेवढ्या दिवसांचे 8,800. बुडालेल्या 5 ट्रिपा, प्रत्येकी 4,000 नफा धरला तर 20,000. झाले 63,800. बहुतेक जण फक्त 35,000 मोजतात! तरी सव्वा लाखाच्या सवलतीत हे बसतं. सिलिंडर फुटला असेल तर मात्र ती सवलत पहिल्या आठवड्यातच संपते.

त्या मुलाने टेस्ट मालकाच्या दारात, स्वतःच्या मेस्त्रीकडून करून घेतली. बाहेरच्या भिंतीवर वीतभर तडा, एक प्लग हललेला, ऑइल स्वच्छ. मालकाने आणखी 30,000 सोडले, तेव्हा घेतला. आता टोमॅटो घेऊन मुंबईला जातो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरलंय, ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं कूलंट भरू नका, इथिलीन ग्लायकॉल एकटं असलं तर उणे 13 च्या आसपासच गोठतं. ड्रायव्हरला ढाब्यावर साधं पाणी ओतायची सवय आहे, म्हणून पोराने रेडिएटरच्या झाकणाला तार गुंडाळून ठेवलीय, आणि पक्कड स्वतःच्या घरी.